हिरवे टिपके

दुपारचं जेवून कॉटवर पडलोय. चार वाजता चौकशीचे साहेब येणार आहेत, बाबासोच्या अपघाताच्या जबाबावर माझी सही घ्यायला. झोप लागू नये म्हणून पेन हातात धरून जबाब वाचतोय. 'दर तासाला माप घेतले व तक्त्यात भरले.' पंख्याची घरघर जाड होत जाते आणि तिच्यात कारखान्यातला लेथ सुरू होतो.

स्वयंपाकघरात बाबासो चौगुले उभा आहे. जाऊन अकरा दिवस झालेत त्याला. ओट्यावर त्याचा लेथ, आणि मांडणीच्या जागी आमचा शॉपमधला तक्ता. बाबासोने जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, लेथवर कातायचा, दर तासाला मी त्याचं माप घेऊन टिपका द्यायचा. बरोबर असलं तर हिरवा, चुकलं तर लाल.

"आठवतंय का रं इलास? तक्ता लावला त्या पयल्या म्हैन्यात समदं हिरवं आलं, तवा फोटू काढून घरी दावला हुता मी."

आठवतं. बावीस वर्षं लेथवर काढल्यावर त्याला पहिल्यांदा दिसलं होतं, आपला हात किती चोख आहे ते. कुणी न सांगता एकेक जॉब तपासायला लागला गडी. मग मॅनेजरने टूम काढली, लाल टिपका आला की सकाळी सगळ्यांसमोर उभं राहायचं. बाबासो एकदा उभा राहिला. त्याची खाली गेलेली मान मला बघवली नाही. तेव्हापासून मी न मोजताच हिरवे टिपके द्यायला लागलो, सकाळच्या चहाआधीच आठही तासांचे. मला वाटलं, उपकार करतोय.

ओटा आता शॉपमध्ये आहे आणि खालची फरशी ओली आहे. बाबासो माझ्या हातात मायक्रोमीटर देतो.

"मोज."

मोजतो. पंचवीसच्या जागी पंचवीस पॉइंट शून्य नऊ. माप असं वाढायला लागलं म्हणजे जॉब धरणारा चक सैल झालाय, हे शॉपमधलं कुणीही सांगेल. त्या दिवशी तोच जॉब सुटून त्याच्या छातीत बसला.

"आवाज येगळा येत हुता," तो शांतपणे म्हणतो. "मशीन बंद करनार हुतो. तक्त्याकडं बगितलं, समदं हिरवं. म्हनलं, इलासनं मोजलंय की."

"चुकलं रे माझं, बाबासो."

"मग लिव की."

त्याच्या शर्टाच्या छातीवरच्या खिशाकडे मला बघवत नाही.

"अहो, उठा, चार वाजायला आले." बायको खांदा हलवते. मांडणीत भांडी जागच्या जागी आहेत. जबाब छातीवर पडलाय, सहीची जागा कोरी. पेन अजून बोटांत आहे आणि डाव्या तळहातावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, २५.०९.

साबणाने दोनदा घासतो. जात नाही. बाहेर जीप थांबते, कडी वाजते. मी हात पुसतो आणि त्याच हाताने दार उघडतो.