लेफ्ट विंगची अदलाबदल

लेफ्ट विंगला खेळणाऱ्याचं कोणी कौतुक करत नाही, याचा मला कॉलेजपासून राग आहे. हॉकीची स्टिक एकाच हाताची असते, उजव्या. त्यामुळे राइट विंगवाला धावता धावता सहज बॉल आत मारतो आणि बघणारे वाहवा करतात. डावीकडून तोच बॉल आत द्यायचा तर पळतानाच पाय वळवून अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि तेवढ्यात समोरचा बॅक अंगावर आलेला असतो. दोहातल्या आमच्या टीममध्ये ही डावी बाजू बरीच वर्षं माझ्याकडे होती. मागच्या हिवाळ्याआधी ती माझ्याकडून जाणार अशी चिन्हं दिसू लागली. काढणारी होती आमची कोच, आणि आमची कोच म्हणजे माझी बायको.

ती युनिव्हर्सिटीकडून खेळलेली आहे आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगली खेळायची. हे मी कुठेही मोकळेपणाने सांगतो. गुडघ्याने दगा दिल्यावर तिने खेळणं सोडलं आणि आम्हा भारतीयांच्या या शुक्रवार सकाळच्या टीमची सूत्रं हातात घेतली. पुरुषांच्या टीमला बाई कोच म्हणून सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली होती, पण पहिल्या सीझननंतर सगळे सुतासारखे सरळ झाले. मैदानावर ती कोणाला नावाने हाक मारत नाही. सेंटर, राइट, लेफ्ट, एवढंच. मीही तिथे फक्त ‘लेफ्ट’.

आमच्या फॉरवर्ड लाइनचा हिशेब मी मनातल्या मनात नेहमी मांडायचो. सेंटरला एक कूर्गचा मुलगा, आयटीतल्या दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. पाय असे की बॅकला कळायच्या आत तो पुढे गेलेला असायचा. पण बॉल हातचा गेला की साहेब जागच्या जागी उभे. राइटला एक पंजाबी, मुशैरिबमध्ये ऑफिस असलेला बँकवाला. त्याचा फटका जबरदस्त, पण पास द्यायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. दोघं चांगले होते, फक्त दोघांनाही मागे पळायचा कंटाळा. राहिलो मी. वेग माझ्याकडे कधीच फारसा नव्हता. बॉल गेला की आधी मागे वळायचो तो मी. टीममधली मंडळी याला अनुभव म्हणायची. मला विचाराल तर कोणीतरी जायलाच हवं म्हणून मी जायचो.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. उन्हाळा संपता संपता डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, खेळा, काही हरकत नाही. मी उड्या मारत मैदानावर गेलो आणि तिथे आमच्या कोचने नवाच खेळ सुरू केला. जरा धाप लागली की, “लेफ्ट, बाहेर.” बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी, “लेफ्ट, बाहेर.” माझ्या जागी कोणीतरी पोरगा जायचा आणि मी बाटली हातात घेऊन बाकावर बसायचो. माझा संताप संताप व्हायचा.

मैदानापासून अल अझीझियातलं आमचं घर गाडीने जेमतेम दहा मिनिटांवर आहे. एवढ्यात भांडण संपायचं नाही, म्हणून उरलेलं घरी. “मी खेळाडू म्हणून संपलोय असं वाटत असेल तर तसं तोंडावर सांग,” मी म्हणायचो. “कोच मी आहे,” एवढं एकच उत्तर. आमची मुलगी, जिला मराठी सगळं कळतं पण बोलायचं नसतं, ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणायची, “आई, ही इज फाइन!” तिच्या आईवर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही.

आता आमच्या लीगच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. इथे दर उन्हाळ्यात कोणाची ना कोणाची कॉन्ट्रॅक्टं संपतात, माणसं घरी परततात, आणि एखाद्या टीमची अख्खी लाइनच मोकळी होते. म्हणून सीझनआधी सगळ्या टीमचे लोक अल मन्सूरातल्या एका डोसेवाल्याकडे जमतात आणि खेळाडूंची अदलाबदल करतात. नियम एकच. ज्याला द्यायचं त्याला समोर बसवून, देणाऱ्याने त्याचे गुण आणि दोष दोन्ही बोलून दाखवायचे. लपवाछपवी केली तर पुढच्या वर्षी तुमच्याशी कोणी व्यवहार करत नाही.

त्या संध्याकाळी गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “आज तुझं नाव देणार आहे.” मन्सूरा येईपर्यंत मी रस्त्यावरचे सिग्नल मोजत राहिलो. बोललो असतो तर गाडी थांबवावी लागली असती.

समोर एका हैदराबादी टीमचा कॅप्टन होता, फायनान्समधला, गोलमटोल आणि हसतमुख. त्यांचा लेफ्ट विंग नुकताच गावी परतला होता आणि बदल्यात ते एक तरणाताठा फॉरवर्ड द्यायला तयार होते. करक चहा आला. बायकोने घसा साफ केला आणि हिंदीत सुरुवात केली, ती थेट दोषांपासून. वेग उरलेला नाही. सारखा आत घुसायला बघतो, बाहेरच्या लाइनला दाबलं की अडकतो. चिडका आहे, अंपायरशी वाद घालतो. मी डोशाचे तुकडे करत ऐकत होतो. यातलं काहीही खोटं नव्हतं, त्यामुळे जास्तच झोंबत होतं.

“अब अच्छा सुनिए,” ती म्हणाली. “बॉल जाता है तो सबसे पहले ये पीछे आता है. मेरा राइट वहाँ आराम से खडा रहता है ना, वो इसकी वजह से. मेरे सेंटर के आधे गोल इसके छीने हुए बॉल से होते हैं. ऐसा फॉरवर्ड मेरे पास दूसरा नहीं है.”

मी खाली बघत राहिलो. आमच्याकडे घरच्या माणसाचं कौतुक चारचौघांत करायची रीत नाही. ती इतरांच्या खेळाबद्दल तोंड भरून बोलायची; मला घरी आल्यावर फार तर “बरा खेळलास.” मीही तिच्याबाबतीत वेगळा नव्हतो. त्या दिवशी लीगचा नियम होता म्हणून तिला बोलावं लागलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला कळलं की ती माझा खेळ इतका बारकाईने बघत आली आहे.

हैदराबादी चक्रावला. “इत्ता अच्छा है तो काय कू दे रहे मॅडम?”

तिने चहाचा कप खाली ठेवला. “इनका हार्ट का हुआ था. डॉक्टर ने क्लियर कर दिया है. मैंने नहीं किया.” मग म्हणाली, “ये दौडता है तो मैं बॉल नहीं देखती. इसको देखती हूँ.”

 ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “माझ्याकडे राहिलास तर तुला खेळायला मिळणार नाही. मी काढतच राहीन. मला जमतच नाहीये रे.”

इतके दिवस मी जे समजत होतो ते सगळं चुकीचं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळ्यांत पाणी आलं, सांबार तिखट असल्याचं सांगायचीही सोय नव्हती, कारण सांबार मी घेतलंच नव्हतं. “जातो,” मी म्हटलं.

“खलास, सौदा पक्का!” हैदराबादी म्हणाला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

सीझनच्या मध्यावर आमची मॅच तिच्या टीमशी पडली. पहिल्यांदा माझ्याकडे बॉल आला तेव्हा समोरच्या बाजूने तिचा ओळखीचा आवाज आला, “अंदर मत आने दे उसको! लाइन पे दबा!” तिच्या राइट बॅकने मला जे दाबलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आत जायची एक वाट म्हणून मोकळी ठेवली नाही. मी बॉल घालवत राहिलो, मागे पळत राहिलो, आमच्या कॅप्टनच्या शिव्या खात राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये धाप लागून वाकलो आणि सवयीने तिच्या बाकाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. साइडलाइनवर उभी राहून कूर्गच्या मुलाला मागे पळ म्हणून ओरडत होती, आणि तो पळतही होता. मला फार बरं वाटलं.

आम्ही हरलो. शेवटी दोन्ही टीम रांगेने हात मिळवायला लागल्या. ती आमच्या एकेकाशी हात मिळवत माझ्यापर्यंत आली, हात हातात घेतला, आणि सोडलाच नाही. तिची बोटं सरकून माझ्या मनगटावर, नाडीवर आली होती. मागे रांग खोळंबली.

“अगं, चालू आहे,” मी म्हटलं.

“गप्प बस,” ती म्हणाली. “मोजू दे.”