गोठलेलं गुलाबतेल

बाटली उपडी केली तरी थेंब पडेना. आत पांढरे खडे झाले होते.

हे मेणच असणार, असं वाटून मी लगेच बापूमामांना फोन लावला. मामा मिरजगावजवळ गुलाब लावतात आणि स्वतःच्या भट्टीवर तेल काढतात. माझी सगळी अत्तरं त्यांच्याच तेलाची. उद्या भाचीच्या लग्नात पाहुण्यांच्या हाताला लावायचं अत्तर आजच व्हायला हवं होतं.

"मामा, यात मेण घातलंय का?"

"आगं, थंडीनं गोठलंय ते. मुठीत धर जरा. एवढी शिकलीस, ह्ये न्हाई शिकवलं व्हय?" मग म्हणाले, "मी भेसळ करतो व्हय गं?"

आणि फोन ठेवला.

मुठीत धरल्यावर पाच मिनिटांत खडे विरघळले. अस्सल तेलच असं गोठतं, हे मी नंतर वाचलं. चंदनतेलात ते मिसळून अत्तर केलं.

दुपारपासून चार वेळा फोन केला. मामा उचलत नाहीत. उद्या लग्नाला येतील का, तेही कळत नाही. असं बोलून गेलेलं तुम्ही कसं निस्तरता?

दुसऱ्या दिवशी सकाळी: मामा आले. अत्तर लावून घेतलं, मनगट हुंगलं आणि "चंदन जास्त झालंय" एवढंच म्हणाले.