बाच्या नावाचे बुक

आमच्या घरात आजवर कोणी चार ओळी लिहिल्या नाहीत. तेव्हा मी लिहायला बसावे हा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या बाळकुम गावात मागे राहिलेल्यांना, आणि माझ्यासारखे शिकायला मुंबईस आलेल्यांना, एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

मी निघालो त्या सकाळी बाने मला आमच्याच होडीतून ठाण्याच्या बंदरापर्यंत आणले. आय मधे बसली होती, तिच्या पायाशी माझी पत्र्याची पेटी. होडीत सारखे पाणी येत होते आणि बा वल्हे ठेवून ते उपसत होता.

"म्हातारी झाली ही," तो म्हणाला.

"तुज्यापरीस बरी हाय," आय म्हणाली. "कुरकुर तरी कमी करते."

आम्हा कोळ्यांकडे मासळी काठाला लागली की पुरुषाचे काम संपते. पुढे मासळी बाईची, बाजार बाईचा आणि पैसाही बाईचा. आय तो तीन फडक्यांत बांधून ठेवी. एकात मासळीचे मीठ आणि होडीच्या पासासारखी सरकारी देणी, दुसऱ्यात बहिणीचे लग्न, तिसऱ्यात नवी होडी. हात चालताहेत तोवर होडी आपण हाकायची. हात थकले की नवी होडी दुसऱ्याला चालवायला द्यायची आणि तिच्या वाट्यावर म्हातारपण काढायचे, असा तिचा बेत होता. तिसऱ्या फडक्याला ती कोणाला हात लावू देत नसे. मॅट्रिकच्या फीसाठी मी रडलो तेव्हा तिने कानातले काढून दिले, पण ते फडके सोडले नाही.

मला हे सगळे अडाणीपणाचे वाटे. पोस्टाच्या सेव्हिंग बँकेविषयी मी शाळेत वाचले होते: पैसा चोरीला जात नाही, वर व्याज मिळते. पुष्कळ दिवस मागे लागून मी ते तिसरे फडके बरोबर घ्यायला लावले होते. गाडीला वेळ होता, म्हणून दोघांना ठाण्याच्या पोस्टात घेऊन गेलो. दाराशी आय अडून बसली.

"सरकारच्या पेटीन पैसा टाकला म्हंजे सरकारला कललां, कोल्याकरं कवरा पैसा हाय. उद्या पट्टी बशिवतील."

मी हसलो. "अगं आय, प्राप्तीवरचा कर वर्षाला पाचशे मिळवणाऱ्याला असतो. आपल्याला कोण विचारतंय?"

"पाचशे!" बा म्हणाला. "तवरं मिललं तं मी नाचत जाऊन कर भरीन."

कारकुनाने विचारले, खात्याचे बुक कोणाच्या नावे? फडके आयच्या मुठीत होते. तरी मी बाचे नाव सांगितले. भोवती शिकलेली माणसे उभी होती, आणि आमच्या घरचा पैसा बाई सांभाळते हे त्यांच्यासमोर बोलायची मला लाज वाटली.

"त्याच्या नावानं?" आय हळूच म्हणाली. "त्याला नाय म्हनता येत नाय रं कोनाला."

मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. बाने अंगठा दिला, आणि मी गाडीत बसलो.

गिरगावात तिघांच्या खोलीत मी राहतो. खानावळीत जेवतो, दोन मुलांना शिकवतो; तरी भागत नाही. बाळकुमात असताना मला वस्तू माहीत होत्या, त्यांच्या किमती नव्हत्या. येथे आंघोळीच्या पाण्यालाही हिशेब आहे. दर टर्मला मी बाच्या नावे पत्र टाकी, "फीची काही सोय व्हावी." आठ दिवसांत मनीऑर्डर येई. मला वाटे, खाडी यंदा चांगली पिकली आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर मी माझ्या आयुष्याचा हिशेब मांडला होता. नोकरी लागली की पहिल्या दोन वर्षांत बहिणीचे लग्न, मग ठाण्यात दोन खोल्या, मग स्वतःचा संसार. प्राप्तीवरचा कर मला कितव्या वर्षी लागेल तेही मी काढले होते, आणि खरे सांगतो, तो लवकर लागावा अशी माझी इच्छा होती. त्या पानावर आय-बाच्या म्हातारपणाची ओळ नव्हती. ती सोय झालेली आहे असे मी धरून चाललो होतो.

आधी घर म्हटले की मला परत जायची जागा वाटे. आता घर म्हणजे, मला बोल न लावणारी दोन माणसे. तिकडे तोंड घेऊन कसे जावे हे मला सुचत नाही.

त्याला कारण गेल्या आठवड्यात आलेले, गावच्या मास्तरांच्या हातचे पत्र. ते जसेच्या तसे देतो.

"चिरंजीवास आशीर्वाद. तुझी आई सांगते ते लिहितो. होडी फुटली, दुरुस्त होण्यासारखी नाही. नवीसाठी पैसे आणायला आई बुक घेऊन पोस्टात गेली, तेव्हा कारकुनाने वाचून दाखवले की वडिलांनी वेळोवेळी अंगठा देऊन रक्कम काढली आहे आणि दोन रुपये शिल्लक आहेत. वडिलांना विचारले, तर तुझी फी, एवढेच म्हणाले. ते आता पलीकडच्या नाखव्याच्या होडीवर रोजाने जातात. आई विचारते की आपली होडी राहिली नाही, तर होडीच्या पासाचे, म्हणजे परवान्याचे, पैसे यंदा सरकारात भरावे लागतात की नाही? तू शिकलेला आहेस, चौकशी करून कळव."