वहिनीचं औषध आणि आमचं वरण

काल अमरावतीला कॅम्पातल्या दवाखान्यात गेलो होतो, पुतणीच्या बारशाच्या घुगऱ्या पोचवायला. तिथल्या पडवीत एक वाक्य कानावर पडलं आणि घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो… पण ते कळायला आधी वरणाची गोष्ट सांगावी लागेल.

वहिनीला सातवा लागला तेव्हा ती पार पांढरी पडली होती. मळ्यातून शेवंतीची टोपली उचलून आणली की ओट्यावर बसून धापा टाकायची. दादाला फुलांचा बाजार सोडता येत नाही, म्हणून तिला बैलांच्या दमणीत घालून कॅम्पात न्यायचं काम माझ्याकडे आलं… घरात रिकामा मीच.

तिथे मुंबईच्या एक पारशी डॉक्टरीणबाई येऊन बसल्या आहेत, गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं ते शोधायला. बोटाला सुई, थेंब काचेवर आणि काच मायक्रोस्कोपखाली. वहिनीच्या तांबड्या पेशी अगदी थोड्या निघाल्या, आणि त्याही नको तितक्या फुगलेल्या.

बाईंनी मला समजेल असं सांगितलं. हाडांच्या पोकळीत रक्ताचा कारखाना असतो. जिनिंगच्या कारखान्यात कापूसच आला नाही तर गठाणी कुठून बांधणार, तसं वहिनीचं झालंय. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, बाळंतपणाच्या आत नवं रक्त झालं नाही तर ते हिला सोसणार नाही.

परत येताना मी एकदाही बैलांना हाकारलं नाही. बैल मनानेच घरी आले…

बाईंनी बाटली दिली होती. विलायती खमिराचा अर्क. काकवीसारखा घट्ट, काळा कुळकुळीत आणि खारट… रोज दोन चमचे. मायच्या गळ्यात माळ, तिने आधी बाटली हुंगली.

"यात मांसमच्छी तं नाही ना रे?"

"नाही व माय. जिलबीचं पीठ आंबवते ना, तसलं खमीर हाय."

"मंग हरकत नाही."

माझं काम संपलं असं धरून दोन-चार दिवसांनी मी अकोल्याला सटकलो. जुन्या शहरात मोर्णेकाठी माझा एक मित्र राहतो, त्याच्या आखाड्यात कुस्त्या होत्या. कुस्त्या झाल्या, मग कोणाचा तरी बैल विकायचा होता तो बघायला गेलो… असो. सांगायचं ते हे, की तिथे जेवताना सारखं वाटायचं, आपल्या घरच्या वरणाला हल्ली काय चव येते! मित्राच्या आईला तसं बोलूनही दाखवलं. तिने वाढायचंच थांबवलं.

परत आलो तो वहिनीला तपासणीला न्यायचा दिवस. नव्या पेशी एका रंगात बुडवल्या की त्यांच्यात निळी जाळी दिसते म्हणे. बाई किती तरी वेळ डोळा लावून बसल्या. एकही धड सापडेना. आणखीही बऱ्याच बायकांचं तसंच होतं. औषध इकडे लागू पडत नाही असं लिहून मुंबईला परत जावं, या विचारात त्या होत्या.

ताडून बघायला कोणाचं तरी चांगलं रक्त हवं होतं. मी पडवीत येरझारा घालत होतो, मलाच सुई टोचली.

"तुझा ब्लड एकदम फर्स्ट क्लास हाय. खातो काय?"

"वरण!" मी छाती काढून म्हणालो. "आमच्या घरच्या वरणाले सद्या लय चव हाय."

वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी… ते औषध वरणातच रायते."

मग सगळं बाहेर आलं. आमच्या घरी एकटीने वेगळं काही खाणं शोभत नाही. मायने भलेपणानेच दोन चमचे सगळ्यांच्या वरणात घालायला सुरुवात केली होती. आधी पुरुष जेवणार, मग माय, शेवटी वहिनी… तिच्या वाट्याला वरणाच्या गंजाच्या बुडाला राहील तेवढं. आणि मी तर दोनदा मागून घ्यायचो.

बाई तडक उठल्या. "चल, मी येते तुझ्या सासूला बोलायला!"

"रागावू नका बाई," वहिनी म्हणाली. "आत्याबाई वाईट नाहीत. पण डोहाळ्याचं वेगळं असते. डोहाळ्याचं कोणी वाटून खात नाही." आणि माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुमी सांगा घरी. तुमाले थापा बऱ्या जमतात."

जमतातच! घरात पाय टाकल्या टाकल्या सांगून टाकलं, वहिनीला त्या काळ्या अर्काचेच डोहाळे लागलेत, बाटली पाहिली की जीव कासावीस होतो.

"मंग सांगत काहून नाही व पोरी!" माय उठलीच. "डोहाळे अपुरे राहून उद्या लेकराचा कान वाहला म्हंजे?"

त्या दिवसापासून बाटली मायच्या देवघरात. सकाळ-संध्याकाळ माय स्वतः चमचा भरून वहिनीच्या तोंडात घालायची, तेही आम्ही पाटावर बसायच्या आधी. मी बोट बुडवायला गेलो तर हातावर पळी बसली. दादा दोन दिवस कुरकुरला, वरणाला चव नाही म्हणून.

पुढच्या खेपेला बाईंनी मलाच बोलावलं, "बघ." एक डोळा मिटून पाहिलं… फिकट गोल चकत्या, आणि त्यांच्यात निळी जाळी घेतलेल्या कितीतरी नव्या. वहिनीच्या आत तयार झालेल्या. मग उगाच बैल बघायला बाहेर आलो.

मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत.

तर काल घुगऱ्या घेऊन पोचलो तेव्हा बाई एका सासूच्या हातात बाटली ठेवत होत्या. आता प्रत्येकीला हेच सांगतात म्हणे… "तुमच्या सुनेला याचे डोहाळे लागलेत. तिलाच द्यायचं."

सासू खट. "तुमाले कसं समजलं जी?"

"रक्तात दिसतं," बाई म्हणाल्या.

मी दारातून मान डोलावली. खोटं कुठे होतं? मी स्वतः पाहिलंय.