चाकणच्या चौकात भरधाव

माझा मेहुणा माझाच टेम्पो चालवतो, आणि इतका सावकाश की सायकलवाले त्याला ओलांडताना घंटीसुद्धा वाजवत नाहीत. बायकोसमोर हे बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो. अशा माणसाचा गेटपास चाकणच्या एका कंपनीने अडवला. कारण काय, तर भरधाव वेग.

मोशीहून सुटे भाग भरून तो रोज तिथे जायचा. टेम्पो कुठे आहे हे गाडीतला जीपीएसचा डबा कंपनीला थोड्या थोड्या वेळाने कळवायचा. त्या नोंदींनुसार पठ्ठ्या ऐन चौकात ताशी दीडशेने धावला होता. पास गेला असता तर त्याचं काम गेलं असतं. मला दुसरा ड्रायव्हर मिळाला असता, पण घरात जेवण मिळालं नसतं.

मी तणतणत वाहतूक विभागाच्या साहेबांपुढे उभा राहिलो.

"साहेब, त्या चौकात म्हैससुद्धा कंटाळून खाली बसते. आणि माझा मेहुणा दीडशेने?"

"सिस्टिम दाखवतेय, भाऊ."

"मग सिस्टिमला एकदा टेम्पोत बसवा."

शेवटी मीच बसलो. चौकाच्या अलीकडे अडकलो आणि मोबाइलचं नेटही ठप्प झालं, कारण अडकलेला प्रत्येक जण व्हिडिओ बघत होता. चौक ओलांडला तेव्हा बायकोचे सगळे 'कुठे आहात?' एकदम येऊन पडले. तेव्हा डोक्यात उजेड पडला. डबाही तसाच अडकलेल्या नोंदी एका दमात ओतत होता. प्रत्येक नोंदीवर तिची स्वतःची वेळ होती, पण कंपनीची सिस्टिम ती सोडून पोचल्याची वेळ धरत होती. त्यामुळे तासभराचा रस्ता क्षणात कापल्यासारखा दिसायचा. जेवढी कोंडी मोठी, तेवढा मेहुणा वेगवान!

साहेबांना म्हटलं, "गावाहून परत आलात की दारात आठवड्याचे पेपर पडलेले असतात. सगळ्या बातम्या आजच्याच धरता का?"

ते हसले. मी तीन गोष्टी मागितल्या: पास, नोंदीवरचीच वेळ धरणं, आणि साहेबांनी मेहुण्याची माफी मागणं. पहिल्या दोन मिळाल्या. माफीवर मात्र साहेब तसूभरही सरकले नाहीत. ते मी अजून विसरलेलो नाही.

काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. "भाऊ, नोंदी आता खऱ्या वेळेच्या येतात. तुमचा मेहुणा पळत नाही, मान्य. पण चौकाच्या अलीकडे रस्ता मोकळा असतानाही तो रोज एवढा वेळ उभा राहून करतो काय?"

तिथे रसवंती आहे. मी सोबत होतो त्या दिवशी त्याने तिकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

घरी येऊन मी आवाज चढवला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, आदीचंच बरं व्हतं. तवा निदान मी पळत तरी व्हतो."