पिवळं पाणी

लष्कराच्या वैद्यकीय शाखेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर माझं पोस्टिंग निघोज्याजवळच्या कारखान्यात झालं. नोकरीला मी अजून पोस्टिंगच म्हणतो. प्रथमोपचाराची खोली, लष्करी भाषेत एमआय रूम, माझ्याकडे; गेट भानुदासकडे. तोही निवृत्त, इन्फंट्रीतला नाईक, लातूरकडचा, बर्फातल्या चौकीवर दोन हिवाळे काढलेला. रोज सकाळी वॉकीटॉकी खरखरायचा.

“गेट टू एमआय रूम. ऑल ओके. चहा पाठवायलोय. ओव्हर.”

उन्हाळ्यात टँकरचं पाणी सुरू झालं. पुढे, गावात खोली करून राहणारी कारखान्यातली तीन पोरं ताप, मळमळ घेऊन आली. डोळे पिवळे. रक्तात हिपॅटायटिस ए या काविळीची आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे लागण ताजी.

शिफ्टच्या आधी मी सगळ्यांना उभं केलं. हा विषाणू शौचातून बाहेर पडतो, पाण्यातून आणि हातांतून तोंडात जातो, यकृतात वाढतो. पोटातल्या आम्लाला तो दाद देत नाही. लागण झाल्यावर कित्येक आठवडे काहीच कळत नाही, आणि डोळे पिवळे होण्याआधीच माणूस तो सर्वांत जास्त पसरवतो. पाणी उकळा. साबणाने हात धुवा.

“म्हणजे दुश्मन आत येऊन बसल्यावर सायरन,” भानुदास म्हणाला. पोरं हसली.

मला हसू आलं नाही. तो त्या तीन आजारी पोरांच्याच खोलीवर जेवायचा. एका ताटात जेवायची पलटणीतली सवय त्याने सोडली नव्हती. त्यानंतर मी समोर येईल त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो.

महिन्याभराने भानुदासने तंबाखूची पुडी बाजूला सारली.

“नको वाटायलीय.”

कावीळ येताना तंबाखू नकोशी होते. “रक्त देऊन जा.”

“उद्या देतो, हवालदारसाहेब.”

दुसऱ्या दिवशी तो कावीळ उतरवणाऱ्याकडे गेला. त्या माणसाने भानुदासच्या हातांना आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस चोळला आणि ते चुन्याच्या पाण्यात धुतले. भानुदास खुशीत परतला. डोळे पिवळेधमक.

“पाणी हळदीगत झालं बगा. निघाली सगळी!”

“कावीळ हातांतून निघत नाही. दवाखान्यात चल. ऑर्डर समज.”

“आता कुठली रँक, राव?”

बहुतेकांची कावीळ विश्रांतीने आपोआप बरी होते. उतरवणाऱ्याचं नाव त्यावरच चालतं. वय झालेल्यांत मात्र क्वचित यकृतच बंद पडतं. भानुदास पन्नाशीचा होता.

दोन दिवसांनी, भर दुपारी, वॉकीटॉकी खरखरला.

“एमआय रूम, चौकीवरून बोलतोय. बर्फ वाढलाय. रिलीफ कधी पाठवताय? ओव्हर.”

बाहेर डांबर मऊ झालं होतं. मी धावलो. यकृत थकलं की रक्तातलं विष मेंदूवर चढतं. तो गेटपाशी ताठ उभा होता, हात काखेत धरून. कुडकुडत होता.

“भानुदास, रिलीफ आलीय. तुझी ड्यूटी संपली. खाली चल.”

त्याने शिट्टी काढून माझ्या हातात दिली. अँब्युलन्समध्ये एकच वाक्य बोलला. “पोस्ट सोडली म्हणून लिहू नका.”

“नाही लिहिणार.”

दवाखान्यातला रिपोर्ट त्या पोरांसारखाच आला, हिपॅटायटिस ए. यकृत बंद पडल्याने त्याचं रक्त गोठेना. तो परत शुद्धीवर आला नाही.

आता नवी बॅच आली की मी आंब्याच्या खोडाच्या सालीचा रस स्वतःच्या हातांना चोळतो आणि ते चुन्याच्या पाण्यात बुडवतो. पाणी पिवळं होतं.

“सर, तुम्हाला कावीळ झालीय?” कुणीतरी विचारतंच.

“नाही,” म्हणतो. मग भानुदासचं नाव सांगतो, रँकसकट.