कुंदाने नेलेल्या ओट्या

दोन महिने झाले. शाळेतून येऊन चपला काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी आवाज. "ताई गेली... कुंदा. मी तिचा भाऊ, वेळणेश्वरहून बोलतोय. तिच्या मोबाईलमध्ये तुमचा नंबर 'अंबाबाई कोल्हापूर' असा आहे. तुम्ही देवळातल्या का?" आणि मी, तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई, चटकन म्हणाले, "हो, देवळातलीच ओळख." फोन ठेवल्यावर रडू नाही आलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

खोटं होतं ते. कुंदाची आणि माझी खरी ओळख कोल्हापूरच्या एका सरकारी दवाखान्यात झाली, एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत. तिलाही होता, मलाही आहे. कुंदा हे नाव मी बदललंय, भावाची तशी विनंती आहे. या लेखाखालचं नाव मात्र माझंच आहे. माझे मिस्टर लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत होते. ते कावीळ होऊन गेले असं आम्ही सगळ्यांना सांगितलं आणि ते माझ्यासाठी मागे हा आजार ठेवून गेले. रत्नागिरीत गोळ्या मिळत नव्हत्या असं नाही हो. पण इथे रांगेत पुढे विद्यार्थ्याची आई आणि मागे वाण्याची सून! म्हणून मी आंबा घाट ओलांडून जायचे, घरी 'बहिणीकडे' सांगून. पहिल्याच खेपेला मागून आवाज आला, "काय ओ बाई, परवाची सुरमय ताजी निघाली ना?" मिरकरवाडा बंदरात जिच्याकडून मी दर बुधवारी मासे घ्यायचे, ती! मी पदर तोंडावर ओढला. ती मात्र हसली. "घाबरता कशाला? मी सांगितलं तर तुम्ही सांगाल. दोघींची तोंडं शिवलेली."

तिची सबब माझ्यापेक्षा भारी होती. नवरा गेल्यावर अंबाबाईला नवस बोललेय, दर महिन्याला दर्शनाला जायचं, असं तिने बंदरात सांगून टाकलं होतं. मग काय, मासळीच्या लिलावातल्या बायका आपापल्या ओट्या तिच्याकडे द्यायला लागल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू... कुणाची सून पोटुशी, कुणाचा दादला समुद्रावर. एकदा तर अकरा नारळ! मी म्हटलं, "कुंदा, रस्त्यात ठेवून दे कुठेतरी, कोण बघतंय?" तर असं डोळे वटारून बघितलं माझ्याकडे! गोळ्या घेतल्या की थेट देवळात. रांगेत दोन-दोन तास उभं राहून प्रत्येकीचं नाव घेऊन ती ओटी भरायची, आणि परत येताना गोळ्यांच्या डब्यांत कापूस कोंबायची, एसटीत वाजू नयेत म्हणून. वर प्रसादाचे पुडे. नऊ वर्षं हे चाललं, आणि नऊ वर्षांत तिने कुणाचाही नारळ चुकवला नाही.

मग तिच्या गल्लीतल्या एका सुनेचं झालं. पहिलटकरीण. तपासणीत एचआयव्ही निघाला. नवरा खलाशी, त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, सगळं खापर पोरीवर. पोरीने गोळ्या घ्यायच्याच सोडल्या. कोल्हापूरहून परतताना साखरप्याला एसटी थांबली होती तेव्हा कुंदा म्हणाली, "तिला सांगू काय गो माझं?" त्या दिवशी पहिल्यांदा ती मला मैत्रिणीसारखं 'गो' म्हणाली. मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुझं? सासू अख्ख्या बंदरात बोंब मारेल. दवाखान्यातल्या बाया सांगतील तिला." "सांगून दमल्या त्या. तिला वाटतंय मरायचंच आहे तर गोळी कशाला. गोळ्या खाऊन उभी असलेली बाई तिने बघितली तर घेईल. पोटातलं वाचेल." मग म्हणाली, "दोघी जाऊ या? तुमचं ऐकतील. तुम्ही शिकलेल्या..." मी सहामाही परीक्षेचं कारण सांगितलं. सहामाही परीक्षा!

ती एकटी गेली. पोरीने गोळ्या सुरू केल्या, मुलगा झाला, पुढे सगळ्या तपासण्यांत तो स्वच्छ निघाला. आणि कुंदाचं? पोरीची सासू दाराआड ऐकत होती. आठ दिवसांत सगळ्या बंदराला कळलं. तिच्याकडचे मासे कुणी घेईना. अरे, मासे तुम्ही शिजवून खाता ना? डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय, असा पसरत नाही तो! पण खरा राग वेगळाच होता. "आमच्या ओट्या असल्या हातांनी देवीला घातल्यास?" असं तिला भर लिलावात विचारलं. आणि मग त्या बायकांनी जीप केली, कोल्हापूरला गेल्या, आणि देवीची क्षमा मागून नव्याने ओट्या भरून आल्या! ज्या बाईने यांच्या लेकीसुनांसाठी नऊ वर्षं पाय मोडून घेतले, तिच्या हातांबद्दल क्षमा मागितली. लाज नाही वाटली. बारशाला तिला बोलावलंसुद्धा नाही.

त्या बायकांवर मी एवढी तणतणतेय, तर माझंही ऐका. मीही तिच्याकडून मासे घेणं बंद केलं. लोक विचारतील, या बाईला हिचा पुळका का, म्हणून. बुधवारी मी दुसऱ्या टोकाला जायचे आणि ती मला बघायची. हाक नाही मारली कधी.

तिने कोल्हापूरला जाणं सोडलं. एसटी स्टँडवर दिसली तरी लोक म्हणायचे, निघाली गोळ्या आणायला. एक महिना चुकला, मग दुसरा, मग सगळंच. फोनवर मी ओरडायचे. ती म्हणायची, "आता कुणाची ओटी घेऊन जाऊ, बाई?" मी तिच्या गोळ्यांसाठी धडपडू शकले असते, तिच्या दारात जाऊन बसू शकले असते. नाही गेले. माहेरी वेळणेश्वरला गेली, क्षय झाला, संपली. लोक म्हणतील रोगाने मेली. मी सांगते, आम्ही मारली तिला.

गेल्या आठवड्यात बाजारात कानावर आलं, ती सासू म्हणत फिरतेय, "गोळ्या खाऊनपण मेलीच ना?" मी मासे न घेताच वळले आणि भर दुपारी त्या घराच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. सासू पदर सावरत म्हणाली, "या बाई, शाळेचं काय काम काढलंत?" म्हटलं, "शाळेचं नाही. कुंदा गोळ्या सोडून मेली, खाऊन नाही. मलाही तोच आजार आहे. अकरा वर्षं गोळ्या घेतेय, आणि तुमच्यासमोर उभी आहे." आवाज चढला होता माझा, शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. सासू म्हणाली, "बाई... तुम्ही? चांगल्या घरातल्या?" मला तिचं काही ऐकायचं नव्हतं. आतून ती पोर आली. कडेवर मुलगा, गाल खपाटीला गेलेले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सकाळची घेता काय रात्रीची?"

"रात्री, जेवल्यावर," मी म्हटलं. "आणि तू?"

"दीड महिना झाला. नाय घेतली."